सिंधूवहिनींच्या मापाची गाडी

‘जमवून घ्या’ हे दोन शब्द सिंधूवहिनींसमोर उच्चारायची सोय नव्हती. एसटीच्या बाकावर चौथा माणूस सरकवायचा असो, लग्नात खुर्च्या कमी पडलेल्या असोत, की भाजीवाल्याने किडकी वांगी पुढे केलेली असोत. ‘जमवून घ्या वहिनी’ असं कुणी म्हटलं की त्यांची मान एका बाजूला झुकायची, आणि मग समोरच्याची धडगत नसायची.

“मी कापड जमवते,” त्या म्हणायच्या. “माणसाला कशाला जमवू?”

कर्जतला दहिवलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी खालापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून, म्हणजे जमवून घेण्यातच हयात घातलेला माणूस. तरी आमचं पटायचं. त्यांचा नवरा दत्ता माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून त्या मला भावजी म्हणत. दत्ता खोपोलीला कारखान्यात पाळीवर जायचा आणि घरी आल्यावर दिवसाला साधारण दहा वाक्यं बोलायचा. उरलेली सगळी वाक्यं वहिनींच्या वाट्याला आली होती, आणि त्यांनी ती वाया घालवली नाहीत.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिलाईचं दुकान. पण निम्मं काम दुकानाबाहेरचं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या फेरीला निघायच्या. कळंब, कशेळे, त्यापलीकडच्या डोंगराखालच्या वाड्या. ज्या बायकांना मापासाठी एकदा, ट्रायलसाठी एकदा आणि न्यायला एकदा अशा तीन खेपा कर्जतला घालणं परवडायचं नाही, त्यांच्या ओटीवर जाऊन वहिनी मापं घ्यायच्या. त्यांची माप घ्यायची रीत वेगळी होती. कुठलाही शिंपी टेप काढला की आधी ‘सरळ उभे राहा’ म्हणतो. वहिनींनी ते कधी कुणाला म्हटलं नाही. जी बाई जशी उभी राहते, तशीच तिला त्या मापायच्या. मग तिला हात वर करायला लावायचे, कळशी उचलल्यासारखं वाकायला लावायचं, आणि त्या सगळ्यातून ब्लाउज बेतायचा.

कळंबजवळच्या एका आजींची गोष्ट त्यांनी मला निदान सात वेळा सांगितली असेल. आजींची पाठ भाताची लावणी करकरून वाकलेली. जन्मभर त्यांचा ब्लाउज मागून वर चढायचा आणि त्या जन्मभर तो खाली ओढत राहिल्या. नातीच्या लग्नासाठी वहिनींनी त्यांचं माप वाकलेल्या पाठीवरूनच घेतलं, मागची बाजू लांब ठेवली, पुढची आखूड केली. आजींनी घालून पाहिला, मागे हात नेला आणि म्हणाल्या, “आगं बाय, ह्यो तर खाली बसला!” हे सांगताना वहिनींचा चेहरा असा व्हायचा की आठव्यांदा ऐकायलाही माझी ना नसे.

तीस वर्षं मशीनवर वाकून त्यांची स्वतःची पाठ मात्र कामातून गेली. फेरीची छोटी स्कूटर होती, तिची चाकं लहान आणि आपले रस्ते कसे ते मी सांगायला नको. कर्जतच्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला आणि सांगितलं, दुचाकी बंद.

“दुचाकी बंद का खड्डे बंद?” वहिनींनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, खड्डे माझ्या हातात नाहीत.

“मंग दुचाकी पन नाय तुमच्या हातात,” असं म्हणून त्या बाहेर आल्या. मी सोबत होतो. डॉक्टरांची क्षमा मागायला मी दोन मिनिटं मागे थांबलो, हेही सांगून टाकतो.

त्यांचा मुलगा प्रशांत, आमचा परशा, पनवेलला नोकरीला आणि तिथेच त्याचा फ्लॅट. तो वाटच पाहत होता. आई, दुकान बंद कर, दोघं इकडे या. मुलगा वाईट नव्हता, आईच्या पाठीला घाबरलेला होता. पण वहिनींना समोरचा रस्ता लख्ख दिसत होता. गाडी गेली की फेरी जाणार, फेरी गेली की दुकान, आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत दोन कुंड्या आणि त्या.

त्यांनी गाडी सोडली नाही. बदलली. कळंबच्या एका रिसॉर्टचे पडदे त्या शिवायच्या. तिथल्या मालकाने हौसेने एक क्रूझर मोटरसायकल घेतली होती. लांबलचक, बुटकी, काळी, रुंद सीटची. दोनदा चालवून त्याने ती शेडमध्ये उभी केली होती. वहिनी एकदा सहज तिच्यावर बसल्या. चाकं मोठी, सीट खाली, पाय जमिनीला टेकतात. चार फूट दहा इंचांच्या बाईला मोठ्या गाडीवर बसून पाय टेकणं ही गोष्ट काय असते, ते उंच माणसांना कळायचं नाही. पुढच्या महिन्यात ती गाडी आमच्या गल्लीत आली. गल्ली दारात आली, परशाचा फोन आला, दत्ता “बरी हाय” म्हणाला.

आठवडाभरात वहिनींनी निकाल दिला. गाडी चांगली, बसणं वाईट. पाय ठेवायची जागा पार पुढे, हँडल लांब. त्यामुळे सगळा भार माकडहाडावर, आणि प्रत्येक धक्का सरळ मणक्यात.

“ही रेडिमेड हाय, भावजी. सहा फुटी बाप्यासाठी बेतलेली. फिटिंग करून घ्याय पायजे.”

चौक रस्त्याला इस्माईलचं वेल्डिंगचं दुकान. तो खिडक्यांच्या जाळ्या आणि गेटं करतो. वहिनी त्याच्याकडे गाडी आणि मापांचा कागद घेऊन गेल्या.

“वैनी, मी गेट बनवतो,” तो म्हणाला. “गाडीचं काम नाय केलं कधी.”

“गेटला माणसाचा हात लागतो का नाय रं? मंग झालं तर.”

इस्माईलने कागदाप्रमाणे काम केलं. हँडल मागे आलं, फूटरेस्ट मागे आले, त्यांच्याबरोबर गिअरचा दांडा आणि ब्रेकही मागे सरकले. गाडी झकास चालली. दुसऱ्या फेरीला कळंबच्या अलीकडे काहीतरी विसरलं म्हणून वहिनींनी गाडी वळवली. हँडल पूर्ण फिरलं, त्याचं टोक पोटात रुतलं, आणि वहिनी गाडीसकट बांधावरून खाली वालाच्या शेतात. मनगट मोडलं. ज्या बाईचं शेत होतं, तिने आधी वहिनींना उचललं, पाणी दिलं, आणि मग वालासाठी शिव्या दिल्या.

गल्लीत सगळ्यांना आनंद झाला असं मी म्हणणार नाही, पण आपण आधीच सांगितलं होतं याचं समाधान प्रत्येकाच्या तोंडावर होतं. माझ्याही. परशा रातोरात आला आणि म्हणाला, आता गाडी विकायची.

प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन वहिनी खुर्चीत बसलेल्या. मला म्हणाल्या, “भावजी, माझं माप कुनी घेतलं म्हायती हाय?”

“कुणी?”

“ह्यांनी. मी भिंतीला पाठ लावून सरळ उभी राहिले आन् ह्यांना टेप धरायला लावली. जन्मात कुनाला सरळ उभं केलं नाय, आन् सोताला केलं. हात फिरवून पन नाय बघितला.”

दुसऱ्यांची वाकडी पाठ त्यांना चालायची, स्वतःची मात्र कागदावर ताठ हवी होती. शिंपिणीने स्वतःचं माप कधी घेतलेलं नसतं, त्यामुळे ही चूक त्यांना कळायला मनगट मोडावं लागलं. मला वाटलं, आता खट्टू होतील आणि परशाचं ऐकतील. प्लास्टर निघालं त्याच दिवशी त्या इस्माईलकडे गेल्या.

या वेळी आधी कच्ची शिलाई. हँडल आणि फूटरेस्ट नुसते पट्ट्यांनी आवळून बांधायचे, बसून पाहायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं. मी आणि दत्ता दोन्ही बाजूंनी गाडी धरून उभे, वर हेल्मेट घालून वहिनी. डावीकडे वळव, उजवीकडे वळव, ब्रेक दाब, मागे वळून बघ. जमलं की त्या शिलाईच्या खडूने इस्माईलच्या लोखंडावर खूण करायच्या. सीटसाठी तर कहर केला. गिरणीतून भाताच्या कोंड्याचं अर्धं पोतं आणलं, ते सीटच्या जागी ठेवलं आणि त्यावर बसून त्या अर्धा तास बायकांशी फोनवर बोलत राहिल्या. उतरल्या तेव्हा पोत्यावर त्यांच्या बसण्याचा ठसा उमटलेला. त्यावर हात फिरवत त्यांनी फोम कापला, कमरेला टेकू ठेवला, आणि वरचं रेक्झिन स्वतः शिवलं.

काम पुरं झाल्यावर त्या बसल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पाय गुडघ्याखाली, हात कोपरात किंचित वाकलेले, अंग जरासं पुढे. बाई शिलाई मशीनवर बसली होती. तीस वर्षांत शरीराने जी बैठक धरली होती, तीच त्यांनी गाडीला शिकवली होती. आणि दुखणं थांबलं. कळंबला जाऊन आल्यावर त्या गाडीवरून उतरून थेट धुणं वाळत घालायला लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी शिंपिणीसारखी केली होती. इस्माईलच्या पट्ट्यांना नटबोल्टसाठी पुढे-मागे तीन-तीन जादा भोकं पाडून घेतली होती. ब्लाउजच्या शिलाईत आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. बाई सुटली, आटली, तर उसवून पुन्हा बसवता येतं. वहिनींनी बिनमायेचा ब्लाउज कधी शिवला नव्हता.

खालापूरला एकदा हायवेच्या कडेला हवालदारांनी त्यांना अडवलं. वहिनींनी मला कचेरीत फोन केला. हात जोडायची तयारी करूनच मी गेलो, पण तिथे जोडायला जागाच उरली नव्हती. हवालदार प्लास्टिकच्या खुर्चीत, वहिनी पुढ्यात उभ्या.

“मॅडम, कंपनीने दिली तशी गाडी वापरायची. थोडं जमवून घ्यायचं असतं.”

मी डोळे मिटले.

“सायेब,” वहिनी म्हणाल्या, “खुर्ची कंपनीने दिली तशीच हाय का तुमची?”

हवालदारांच्या पाठीमागे घडी केलेलं पोतं होतं आणि खाली उशी.

“पाठ धरते,” ते नकळत बोलून गेले.

“मंग माझी काय लोखंडाची हाय?”

त्यांनी दिवा पाहिला, हॉर्न पाहिला, लायसन पाहिलं, हँडल दोनदा फिरवून पाहिलं आणि निघा म्हणाले. वहिनी निघाल्या नाहीत. त्यांनी आधी हवालदारांच्या पाठीमागची उशी काढून दोन बोटं खाली सरकवली. “हितं ठेवा, कमरेला. वर नाय.” मग निघाल्या.

आता माझ्या वागण्याकडे येतो. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की मणक्यातली नसांची वाट अरुंद होत चालली आहे. परशाने मला एकट्याला गाठलं. काका, तुमच्या ओळखीत गिऱ्हाईक बघा, गाडीच नसली तर ती आपोआप थांबेल. मला ते पटलं. शहाण्या माणसांना असल्या गोष्टी फार लवकर पटतात. आमच्या कचेरीतल्या एका उंच गृहस्थाला मी रविवारी घेऊन आलो. वहिनींनी चहा दिला. त्याने गाडीभोवती फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि मला म्हणाला, “काही विशेष नाही. नटबोल्टचं काम आहे. तासाभरात सगळं मूळ जागेवर येईल.”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्यांचा आवाज अगदी गोड झाला. “पुढच्या रविवारी या. तंवर मी पुसून ठेवते.”

पुढच्या रविवारी परशाही आला. गृहस्थ गाडीवर बसला. त्याचे गुडघे हँडलला लागले. पाय उचलून फूटरेस्टवर ठेवायला गेला तर पोटऱ्या मागे अडकल्या. त्याने खाली पाहिलं, मग मीही पाहिलं. नटबोल्ट गेले होते. सगळं वेल्डिंगने कायमचं जोडलेलं. जादा भोकांची पट्ट्यांची टोकं ग्राइंडरने कापून टाकलेली, आणि वरून काळा रंग.

“घ्या आता,” वहिनी म्हणाल्या.

गृहस्थ घाम पुसत निघून गेला. परशा ओरडला. वहिनींसमोर मी त्याला पहिल्यांदाच ओरडताना पाहिलं. “आई, उद्या तुझी पाठ आणखी बदलली तर? एक भोक तरी ठेवायचं होतंस!”

“ज्या कापडाचं उसवून दुसऱ्याला करायचं, त्यात माया ठेवायची रं. ही मला उसवायची नाय.”

“आणि तुलाच बसता नाही आलं तर?”

“तर उभी राहील दारात. पन दुसऱ्याच्या दारात नाय.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता माझी पाळी. त्या फक्त म्हणाल्या, “भावजी, तुमी आनलंत?” आणि आत गेल्या. एवढी लाज मला नोकरीत साहेबांनी भर कचेरीत झापलं तेव्हाही वाटली नव्हती. दोन महिने त्यांच्याकडून माझ्या घरी वाटीभर भाजीसुद्धा आली नाही, आणि ते योग्यच होतं.

त्यानंतर तीन वर्षं त्या गाडीवर त्यांनी फेरी केली. तीन लग्नसराया. गाडीच्या मापातून आपण बाहेर जायला नको म्हणून रोज पहाटे ओटीवर व्यायाम करायच्या, वजन वाढू दिलं नाही. ज्यांना मी वेडेपणा म्हणत होतो, त्या तीन वर्षांत किती पोरींनी त्यांचे ब्लाउज घालून अक्षता घेतल्या, ते मोजायला गेलो तर बसलेली जागा सुटायची नाही.

शेवटी मणक्याने आपलं म्हणणं खरं केलं. वहिनींना चालता येईना. वीस पावलं टाकली की पाय भरून यायचे, भिंतीला हात टेकून वाकून उभं राहावं लागायचं. नवल म्हणजे, गाडीवर बसलं की दुखायचं नाही. जरासं पुढे वाकलं की वाट मोकळी होते, असं डॉक्टरांनीही सांगितलं. पण किती दिवस? पनवेलला ऑपरेशन ठरलं. पाठीत सळ्या आणि स्क्रू बसणार होते. नंतर तो भाग वाकणार नाही आणि मोटरसायकल कायमची बंद, हे डॉक्टरांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं. “बरं,” एवढंच त्या म्हणाल्या. भांडल्या नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

ऑपरेशन नीट झालं. आता त्या परशाच्या तिसऱ्या मजल्यावर असतात. फेरी बंद झाली, दुकानाला कुलूप आहे, वाड्यांवरच्या बायका त्यांना फोनवर मापं सांगायचा प्रयत्न करतात आणि बोलणी खातात. परवा दत्ता आला होता, तो सांगत होता की सोसायटीच्या बागेतली बाकं म्हाताऱ्यांसाठी फार बुटकी आहेत यावरून तिथे मोठं भांडण चालू आहे. कुणी सुरू केलं ते मी विचारलं नाही. गाडी तिथे खाली पार्किंगमध्ये उभी असते. ती कुणाला चालवता येत नाही, पण परशा दर रविवारी ती चालू करून दहा मिनिटं तशीच ठेवतो.

मी अजून पनवेलला गेलेलो नाही. जाईन. पण मला त्या दिसतात त्या ऑपरेशनला निघालेल्या.

सकाळी परशा मोटार घेऊन आला होता. पुढची सीट मागे केलेली, उशा मांडलेल्या. वहिनी बसल्या. मोटार नाक्यापर्यंत गेली आणि परत आली. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला होता. मागे रेललं की पायात कळा उतरत होत्या. परशाने उशी बदलली, सीट पुढे केली, मागे केली. वहिनी दार धरून बाहेर आल्या, भिंतीला हात लावत स्वतःच्या गाडीपाशी गेल्या आणि हेल्मेट मागितलं.

“आई, वेड लागलंय का? ऑपरेशनला मोटरसायकलवरून?”

“पनवेलपतोर मला न दुखता नेईल अशी एकच सीट हाय ह्या जगात. ती मी शिवलीय.”

आम्ही सगळे दत्ताकडे पाहायला लागलो. दिवसाला दहा वाक्यं बोलणारा दत्ता. त्याने आत जाऊन हेल्मेट आणलं, वहिनींच्या डोक्यावर बसवलं, हनुवटीखालचा पट्टा ओढून पाहिला. मग मुलाला म्हणाला, “परशा, तू मोटार मागं ठेव. जवळ जाऊ नको. आन् हॉर्न वाजवू नको, दचकंल ती.”

परशा डोळे पुसून मोटारीत बसला. दत्ता त्याच्या शेजारी.

मी माझ्या स्कूटरवरून चौक रस्त्यापर्यंत मागे गेलो. हे सगळं शहाणपणाचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण मी कडेला थांबून टाळ्या वाजवल्या, पन्नाशी उलटलेला सरकारी माणूस, भर रस्त्यात एकटाच. वहिनी रस्त्याच्या मधोमध पंचवीसच्या स्पीडने चालल्या होत्या, मशीनवर बसल्यासारख्या, किंचित पुढे वाकून. त्यांच्या मागे दोन्ही इंडिकेटर लावलेली मुलाची मोटार. मोटारीमागे दुधाचा टेंपो, एक एसटी, रिसॉर्टकडून परतणाऱ्या मुंबईच्या चार गाड्या, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम चालू.

वहिनींनी बाजू दिली नाही.